न हलणाऱ्या माणसासाठी दिवा

मोशन सेन्सर, म्हणजे हालचाल टिपून दिवा लावणारं यंत्र, घ्यायला निघालेलं माणूस आधी विचारतं, रेंज किती? मग विचारतं, केवढ्याला? खोक्यावरही तेच ठळक छापलेलं असतं: ७ मीटर, १२० अंश, बॅटरी दोन वर्षं. माझ्या मते पहिला प्रश्न खोलीबद्दल विचारायला हवा. इथे कोण असतं आणि काय करतं? नुसतं ओलांडून जातं की येऊन बसतं? बसलं तर किती निवांत बसतं? एवढं कळल्याशिवाय एकही सेन्सर विकत घेऊ नये. वर्ध्याला आई-बाबांच्या घरात हे काम करताना माझं हे मत पक्कं झालं, आणि आता कोणी सल्ला मागितला तर मी आधी घराचा नकाशा मागत नाही, घरातल्या माणसांचा दिवस कसा जातो ते विचारते.

घर जुनं आहे. दीड विटेच्या भिंती, समोरची खोली, मधली खोली, तिच्यातून मागे जाणारा अरुंद पॅसेज आणि पॅसेजच्या टोकाला संडास-बाथरूम. बाबांनी ८० ओलांडली आहे. आई त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. रात्रीचं उठणं दोघांनाही चुकत नाही, आणि बाबा उठतात ते दिवा न लावता. ट्यूबलाइट लावली तर आईची झोप मोडेल, हे एक. दुसरं म्हणजे बोर्ड दाराच्या पलीकडे आहे. घर बांधताना कोणीतरी तो तिथे काढला आणि तिथेच राहिला. म्हणजे दिव्याच्या बटणापर्यंत पोचायलाच अंधारातून जावं लागतं. मी पुण्यात असते, रोजचं काम इलेक्ट्रॉनिक्सचं. ऐंशीच्या पुढचे वडील रोज रात्री भिंत चाचपत जातात हे डोक्यात घेऊन मला झोप येत नसे.

तर आधी पॅसेज. पॅसेजमध्ये कोणी बसत नाही. माणूस येतं आणि जातं. अशा जागेला पीआयआर सेन्सरच घ्यावा. पीआयआर म्हणजे पॅसिव्ह इन्फ्रारेड. हा सेन्सर स्वतः काहीच सोडत नाही, ना उजेड, ना लहरी. आपल्या अंगातून सतत बाहेर पडणारी उष्णता तेवढी तो बघत असतो. तांबड्या रंगाच्या पलीकडे न दिसणारे किरण असतात हे विल्यम हर्शेलने १८०० साली लोलक आणि थर्मामीटर घेऊन दाखवलं. आपलं शरीर त्यांतलेच किरण टाकत असतं, साधारण ९-१० मायक्रॉन लांबीच्या लहरींचे. सेन्सरच्या पोटात एक छोटी चकती असते. तिच्यावर पडणारी उष्णता बदलली की तिच्यात क्षणभर विद्युतभार तयार होतो. उष्णता बदलली तरच. तेवढीच राहिली तर चकती गप्प.

या गुणाची गोष्ट आपल्या शेजारीच सुरू होते, म्हणून सांगते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डच व्यापाऱ्यांनी लंकेतून टुर्मलिनचे खडे युरोपात नेले. तापवलेला खडा राख ओढून घेतो, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि चिलमीतली राख काढायला ते तो वापरू लागले. पुढे १८२४ मध्ये डेव्हिड ब्रूस्टरने या गुणाला पायरोइलेक्ट्रिसिटी असं नाव दिलं. आज सेन्सरमध्ये टुर्मलिन नसतं, प्रयोगशाळेत घडवलेले पदार्थ असतात, पण तत्त्व तेच. पॅसेजमधला दिवा लागला की मला दर वेळी लंकेतला तो खडा आठवतो.

आता त्या पांढऱ्या घुमटाकडे नीट बघा. बारकाईने पाहिलं तर त्याच्यावर चौकटी-चौकटी दिसतात. दीपगृहांसाठी ऑगस्तीन फ्रेनेलने पातळ, पायऱ्यापायऱ्यांचं भिंग बनवलं होतं, त्याच जातीची ही छोटी छोटी भिंगं. साधी काच इथे चालत नाही, कारण अंगाची उष्णता काचेतून पलीकडे जात नाही. म्हणून घुमट प्लॅस्टिकचा. (खिडकीच्या आतून अंगणावर नजर ठेवायला पीआयआर लावून उपयोग नाही, तो याच कारणाने.) या भिंगांमुळे सेन्सरला खोली सलग दिसत नाही, पट्ट्यापट्ट्यांनी दिसते. गजांच्या खिडकीतून रस्त्यावरून जाणारं माणूस दिसावं तसं: दिसलं, झाकलं, दिसलं, झाकलं. आत दोन चकत्या उलटसुलट जोडलेल्या असतात. गरम अंग एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत गेलं की एका चकतीचा भार वर जातो, दुसरीचा खाली, आणि त्या चढउतारावरून सेन्सर म्हणतो, कोणीतरी हललं. संपूर्ण खोलीच हळूहळू तापली तर दोन्ही चकत्यांवर सारखाच परिणाम होतो आणि तो वजा होऊन जातो.

हे एवढं समजलं की सेन्सर कुठे लावायचा ते आपोआप ठरतं. सरळ सेन्सरच्या रोखाने येणारं माणूस बराच वेळ एकाच पट्टीत राहतं, म्हणून ते उशिरा पकडलं जातं. आडवं जाणारं माणूस लगेच. पॅसेजच्या टोकाला, दारावर, समोर बघणारा सेन्सर लावायचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण तिथून सगळा पॅसेज दिसतो. पण बाबा अर्धा पॅसेज अंधारात चालून गेल्यावर दिवा लागला तर काय उपयोग? सेन्सर बाजूच्या भिंतीवर, चालण्याच्या वाटेला आडवा हवा.

वर्ध्यात याहून मोठी अडचण उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. दिवसभर तापलेल्या भिंती रात्रीही उष्णता सोडत राहतात. आपली कातडी साधारण ३३-३४ अंशांवर असते. भिंतही तेवढीच गरम असेल तर तिच्यापुढून जाणारं माणूस सेन्सरला वेगळं दिसणार कसं? जानेवारीत डोळ्यात तेल घालून राखण करणारा सेन्सर मेमध्ये मंद होतो तो त्यामुळे. खोक्यावरचे ७ मीटर हे भोवताल गार असतानाचे. काही चांगल्या पीआयआरमध्ये याची भरपाई केलेली असते. हवा शरीराच्या तापमानाजवळ आली की ते आपली संवेदनशीलता आपणहून वाढवतात. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या माणसाने घेताना हे विचारून घ्यावं. पुण्या-मुंबईत बसून लिहिलेल्या सल्ल्यांत हा मुद्दा सहसा सापडत नाही.

आमच्याकडे उत्तर मिळालं ते जमिनीपाशी. भिंती तापतात तशी तळमजल्याची फरशी तापत नाही, मेमध्येही पायाला गार लागते. म्हणून पहिला सेन्सर बाबांच्या पलंगाखाली लावला, जमिनीपासून वीतभर वर, फरशीला समांतर बघणारा. भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या इन्सुलेशन टेपने झाकला. आता बाबांनी कूस बदलली, पांघरूण सारखं केलं, काही होत नाही. पाय खाली सोडून फरशीला टेकले की दिवा लागतो. दोन गरम पावलं, मागे गार फरशी. सेन्सरला याहून स्पष्ट चित्र मिळणार नाही. पॅसेजमधलाही तसाच गुडघ्याच्या उंचीवर बसवला. छताजवळ लावलेल्या सेन्सरपेक्षा हे मला कितीतरी पटीने पटतं, विशेषतः म्हाताऱ्या माणसांच्या घरी.

दिवा म्हणजे ट्यूबलाइट नव्हे. भिंतीच्या कडेने, फरशीपासून चार बोटं वर, पिवळसर एलईडीची बारीक पट्टी. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि भगभगीत पांढऱ्या उजेडात ती सवय क्षणात जाते. वयाबरोबर बाहुली लहान होत जाते, हे सरावणंही मंदावतं. बाथरूमहून परत येताना दिवा विझल्यावर बाबांना पुढचं काही दिसेनासं व्हायला नको, म्हणून उजेड जितका कमी तितका बरा. पावलं, उंबरा आणि पायपुसणं दिसलं की झालं.

एक बारकावा मात्र दुकानदार सांगत नाही. बॅटरीवर चालणारे बरेच सेन्सर एकदा खबर दिली की मिनिटभर झोपतात, बॅटरी वाचावी म्हणून. त्या मिनिटात कोणी नाचलं तरी त्यांना कळत नाही. आपण जर दिवा अर्ध्या मिनिटाने विझवायचा ठरवला तर माणूस समोर असूनही तो विझणार. म्हणून विझवायची वेळ सेन्सरच्या झोपेपेक्षा मोठी असायला हवी, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी चांगली ऐसपैस. आमच्याकडे पॅसेजचा दिवा शेवटच्या हालचालीनंतर पाच मिनिटं राहतो. ती पट्टी पाच वॉटचीही नाही. पूर्वी रात्रभर जळणारा झिरोचा बल्ब नावाला झिरो होता, खायचा १५ वॉटच्या आसपास. तेव्हा विजेची काळजी इथे करायची नाही.

दिवा कधी लावायचा हे ठरवतानाही वर्ध्याचा उन्हाळा आठवावा लागला. सूर्यास्तानंतर लाव, सूर्योदयाला बंद कर, असा नियम सगळेच आधी लिहितात. पण मेमध्ये भर दुपारी दोनला आमच्या घरात सगळी दारं-खिडक्या लावून, पडदे ओढून, कूलर चालू असतो. पॅसेज तेव्हा रात्रीइतकाच काळोखा. आणि उन्हातून आत आलेल्या माणसाला तर काहीच दिसत नाही. म्हणून घड्याळ बघणारा नियम नको, प्रकाश मोजणारा सेन्सर हवा. बऱ्याच मोशन सेन्सरांत ही सोय आतच असते. घेताना ती आहे ना, एवढं बघावं.

पॅसेजचं काम झालं. देवघराचं तसं सोपं नव्हतं.

मधल्या खोलीच्या कोपऱ्यात भिंतीतलं देवघर आहे आणि आई रोज संध्याकाळी तिथे जपाला बसते. बाबांनी मागे बाजारातून सेन्सरवाला बल्ब आणून तिथे लावला होता, होल्डरमध्ये नुसता अडकवायचा तसला. आत पीआयआरच. आई येऊन बसली की तो लागायचा आणि थोड्या वेळाने विझायचा. मग आईने हात हलवायचा, पुन्हा उजेड, पुन्हा अंधार. मी गेले तेव्हा तिने पहिली तक्रार हीच केली. "मी इथंच बसली आहे ना, मग हा दिवा काहून जाते?"

मी तिच्या बाजूला बसून बघत राहिले. जप करणाऱ्या माणसाचा अंगठा तेवढा हलतो, मणी पुढे सरकवण्यापुरता. आईचा तर हात गोमुखीत असतो. तो अंगठाही कापडाआड. पाठ ताठ, डोळे मिटलेले, ओठही हलत नाहीत. पन्नासेक वर्षांच्या सवयीने तिला असं बसता येतं. पीआयआरच्या दृष्टीने ती तिथे नाही. आई खोलीत आहे ही खबर द्यायला ते यंत्र असमर्थ आहे, कारण त्याला कधी माणूस कळलेलंच नाही, बदल तेवढा कळतो. पेपर वाचत बसलेले बाबा, पुस्तकात बुडालेली मुलगी, अंथरुणाला खिळलेला आजारी माणूस, हे सगळे त्याच्या हिशेबी घराबाहेर. ज्याला सर्वांत जास्त वेळ उजेड लागतो तेच माणूस सर्वांत कमी हलतं, आणि म्हणूनच खोलीत कोणी हललं का आणि खोलीत कोणी आहे का, हे दोन प्रश्न वेगळे मानून दोन वेगळे सेन्सर घ्यावेत असं मी म्हणते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर रडार देतं. गेल्या काही वर्षांत हाताच्या बोटाएवढी रडारची पट्टी काही शे रुपयांत मिळू लागली, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. मी वापरलं ते एलडी २४१० नावाचं, २४ गिगाहर्ट्झचं. त्याच्या लहरीची लांबी सव्वा सेंटिमीटर. ती समोर जाते, आपटून परत येते. समोरची वस्तू सरकली तर परत येणाऱ्या लहरीत फरक पडतो. ख्रिस्तियान डॉप्लरने १८४२ मध्ये मांडलेलं हेच ते. आता एवढ्या आखूड लहरीला काही मिलिमीटरची हालचालही मोठी असते. आणि शांत बसलेल्या माणसाची छाती श्वासागणिक काही मिलिमीटर वरखाली होतच असते. म्हणजे जपाला बसलेल्या आईचा हात दिसला नाही तरी तिचा श्वास रडारला कळतो.

ही पट्टी समोरची जागा पाऊण पाऊण मीटरच्या टप्प्यांत वाटून घेते आणि प्रत्येक टप्प्यासाठी दोन आकडे देते, एक हलणाऱ्या वस्तूचा, एक स्थिर वस्तूचा. फोनवर ते आलेखातल्या दंडांच्या रूपात दिसतात. आईचं आसन पट्टीपासून अडीच मीटरच्या आत-बाहेर, म्हणजे तिचा टप्पा सव्वादोन ते तीन मीटरचा. आई येऊन टेकली तेव्हा हलणारा दंड वर उडाला. माळ हातात घेतली, डोळे मिटले, आणि तो दंड खाली येत येत तळाला गेला. स्थिर दंड मात्र जागचा हलला नाही. थोडा खाली जायचा, पुन्हा वर यायचा. जप संपेपर्यंत तो तसाच होता आणि दिवाही तसाच होता. आई उठली, "झालं का तुझं काम?" म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिच्या मागे दोन्ही दंड खाली आले. इतक्या वर्षांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये मी यापेक्षा जास्त आनंदाने कुठलाही आकडा बघितलेला नाही.

देवघरात यंत्र दिसू नये, अशी आईची अट होती. रडारच्या बाबतीत ती पाळता आली. त्याच्या लहरी पातळ प्लायमधून, प्लॅस्टिकमधून पार जातात, तेव्हा पट्टी समोरच्या कपाटाच्या प्लायमागे बसवली. पीआयआरला असं लपवता येत नाही, त्याला उघडं तोंड लागतंच. "याच्या लहरींनी काही अपाय तर नाही ना?" हेही तिने विचारलं. कानाला लावतो त्या मोबाइलपेक्षा याची शक्ती खूपच कमी असते, हे मी तिला समजावून सांगितलं.

पण रडार म्हणजे सगळ्याचं उत्तर असं समजून घरभर लावू नका. त्याला श्वास दिसतो म्हणजे बाकीचंही सगळं दिसतं. छताचा पंखा. कूलरच्या वाऱ्याने फुगणारा पडदा. दोरीवर वाळत घातलेलं लुगडं. रिकाम्या खोलीत पंखा फिरत राहिला की रडार तासन् तास कोणीतरी आहे असं सांगत बसतं. पंख्याची पाती खोलीच्या हवेइतकीच गरम-गार असतात, म्हणून पीआयआर त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. उलट कूलरचा गार झोत थेट भिंगावर आला की पीआयआर दचकू शकतो. पाल भिंगावरूनच चालत गेली तरी. एकाची उणीव दुसऱ्याकडे भरून निघते. त्यामुळे देवघरात मी दोन्ही ठेवले. दिवा लावण्याचं काम पीआयआरचं: तो चटकन उठतो आणि पंख्याला फसत नाही. लागलेला दिवा धरून ठेवण्याचं काम रडारचं. रडारचे टप्पे एकेक करून बहिरे करता येतात, तेव्हा पंखा ज्या अंतरावर येतो ते टप्पे आईच्या आसनापलीकडचे असल्याने सरळ बंद केले. आणि पट्टी किंचित खाली झुकवली.

बाजारात शे-दीडशे रुपयांत मायक्रोवेव्ह सेन्सर म्हणूनही एक पट्टी मिळते, आरसीडब्ल्यूएल ०५१६. साधारण ३ गिगाहर्ट्झवर चालते. तिला भिंतीपलीकडची हालचाल दिसते, पण अंतर कळत नाही. पलीकडून जाणाऱ्या शेजाऱ्यासाठी आपल्या घरात दिवा लागतो. राहत्या घरात मी ती लावणार नाही.

याच सुमारास नात्यातल्या काहींनी सुचवलं, एवढी खटपट कशाला, कॅमेरा लाव. हल्ली स्वस्त आहेत, पुण्याहून फोनवर आई-बाबा दिसतील, पडले-झडले तर लगेच कळेल. काळजीपोटीच म्हणतात हे मला कळतं. पण पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर कॅमेरा? बाबा धोतर सावरत रात्री जातात ती वाट. आई केस मोकळे सोडून, साडीचा पदर कसाही टाकून बसते ती खोली. आयुष्यभर ज्यांनी आपलं घर आपल्या मर्जीने वापरलं त्यांना म्हातारपणी कोणाच्या तरी नजरेखाली वागायला लावायचं, याला माझा ठाम विरोध आहे. पीआयआरला चेहरा दिसत नाही. माझ्या रडारला अंतर आणि आहे-नाही एवढंच कळतं. मला तेवढंच हवं आहे.

तरी त्यात एक मेख आहे. चेहरा दिसत नसला तरी नोंद राहते. घरातले सेन्सर आणि दिवे एकमेकांना जोडायला होम असिस्टंट ही मोफत, सर्वांसाठी खुली प्रणाली मी वापरते. २०१३ मध्ये पाउलुस स्काउटसेनने ती सुरू केली. घरातल्याच एका छोट्या संगणकावर चालते, बाहेर काही पाठवावं लागत नाही. पण ती प्रत्येक सेन्सरचा इतिहास लिहून ठेवते, आपण काही केलं नाही तर दहा दिवसांचा. म्हणजे पलंगाखालचा सेन्सर बघून मला पुण्यात कळू शकतं की बाबा काल रात्री किती वेळा उठले. ते कळलं की मी डॉक्टरांचा विषय काढणार, साखरेची तपासणी विचारणार. बाबांनी ते मला स्वतःहून सांगणं वेगळं आणि मी त्यांच्या पलंगाखालून काढून घेणं वेगळं. म्हणून पलंगाखालच्या आणि पॅसेजमधल्या सेन्सरांची नोंदच बंद केली आहे. दिवा लागतो, विझतो, मागे काही उरत नाही.

आई-बाबांना बसवून हे सगळं सांगितलं. त्यांना काय हवं ते विचारलं. बाबांना काहीच नको होतं. आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सकाळी आठपर्यंत स्वयंपाकघरात कोणी गेलं नाही तर तुला कळू दे. बाकी काही नको." तेवढा एक संदेश मला येतो, आणि तोही स्वयंपाकघरात हालचाल झाली नाही तरच. आईने ठरवलेली सीमा आहे ती, माझी नव्हे.

आता विजेचं. आमच्या वायरमनभाऊंनी पॅसेजचा बोर्ड उघडून बघितला. "ताई, ह्या बोर्डात न्यूट्रल आणलाच नाही जी. नुसता फेज आहे." फेज म्हणजे वीज आणणारी तार, न्यूट्रल म्हणजे ती परत नेणारी. जुन्या घरांत हे असतं, आणि बहुतेक स्मार्ट स्विचना न्यूट्रल लागतो. त्यासाठी भिंती फोडणं मला मान्य नव्हतं. म्हणून पॅसेजचे सेन्सर बॅटरीवरचे घेतले, झिगबीचे. झिगबी म्हणजे कमी विजेत चालणारं छोट्या उपकरणांचं बिनतारी जाळं. रडारला मात्र सतत वीज लागते, बॅटरी त्याला पुरत नाही. फोनच्या जुन्या चार्जरवर तो आणि त्याचा छोटा कंट्रोलर मिळून वॉटभर खातात. महिन्याकाठी एक युनिटसुद्धा होत नाही.

दीड विटेच्या भिंतींतून झिगबीची खबर धड पोचत नाही. मधे दुवा लागतो, आणि दुवा होतो तो कायम विजेवर असलेलं उपकरण, बॅटरीवरचं नव्हे. असा एक स्मार्ट प्लग पॅसेजजवळ लावायचा होता. पण आमच्याकडे रात्री झोपण्याआधी बाबा घरभर फिरून सगळी बटणं बंद करतात. गिझरचं, टीव्हीचं, मिक्सरचं, मोबाइलच्या चार्जरचंही. ही त्यांची सवय चांगली आहे, ती मोडायला मी का सांगावं? म्हणून दुवा फ्रिजच्या मागे गेला, कारण फ्रिजचं बटण घरात कोणीच बंद करत नाही. संगणक आणि राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर. एलईडीची पट्टीही. वीज जाते तेव्हाच तर पॅसेजमध्ये उजेड लागतो. वीज परत आल्यावर काही पीआयआर मिनिटभर भलतेसलते इशारे देतात, स्थिरस्थावर व्हायला त्यांना तेवढा वेळ लागतोच. ते मिनिट प्रणालीने दुर्लक्षित करायचं, नाहीतर रात्री तीनला वीज आली की देवघर आपोआप उजळणार.

आणि भिंतीवरची जुनी बटणं आहेत तशी ठेवली. सेन्सर बिघडला, संगणक अडकला, बॅटरी संपली, तरी बटण दाबल्यावर ट्यूबलाइट लागलीच पाहिजे. घरात आलेल्या पाहुण्याला, कामवाल्या मावशींना काही शिकवावं लागू नये. सेन्सरने उजेडात भर घालावी. हाताने लावलेला दिवा विझवण्याचा अधिकार मी त्याला दिलेला नाही. बाबांनी बटणाने ट्यूब लावली तर ती बाबाच बंद करतील.

आता शेजारच्या काकूंना त्यांच्याकडे हवं आहे. त्यांच्या घरात जिना आहे, त्यामुळे विचार पुन्हा पहिल्यापासून. जिन्यावर कोणी बसत नाही, म्हणून रडार नको. पीआयआर दोन, एक वर आणि एक खाली, पायऱ्यांना आडवे. वरच्या पायरीशी पाऊल पडायच्या आधी दिवा लागायला हवा, तेव्हा वरचा सेन्सर जिन्याच्या तोंडाअलीकडे. अडलं आहे ते उंचीवर. त्यांच्याकडे मांजर आहे आणि ते रात्रभर वरखाली करतं. सेन्सर खाली लावला तर मांजरासाठीही दिवा लागणार. वर लावला तर मेमध्ये तापलेल्या भिंतीपुढे काकू नीट दिसणार नाहीत. दोन्ही बाजू मी त्यांच्यापुढे ठेवल्या. मांजरासाठी लागला तर लागू दे, म्हणाल्या. मग खालीच लावणार आहे.